अंधारबाईंच्या घरचे दिवे

दिवे विकणाऱ्या बाईला ‘अंधारबाई’ हे नाव पडावे, यात दुकानातल्या लोकांचा खवचटपणा होता हे खरे. पण ते नाव तिने स्वतः कमावले होते, हेही तितकेच खरे. ती माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. विजेच्या घरगुती सामानाच्या एका मोठ्या दुकानात, तळमजल्यावर अगदी आतल्या अंगाला, छताच्या दिव्यांचा विभाग होता आणि तिच्या उमेदीची सगळी वर्षे तो तिच्या हवाली होता. आज त्या जागी मोबाइलची काचेची आवरणे विकतात. छताचे दिवेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. ते छताच्या पोटात दडून बसतात आणि आपण कोठून उजेड देत आहोत याचा थांग लागू देत नाहीत. त्या काळी दिवा दिसत असे. घरात येणारा माणूस आधी वर पाही, मग बसे.

आत्याच्या विभागाला छत होते, पण ते कोणी पाहिलेले नव्हते. पितळी साखळ्यांना लटकणारे काचेचे गोळे, कापडी शेडचे दिवे, कळ्यांच्या आकाराचे बल्ब खोवलेली झुंबरे, छताला चिकटून बसणाऱ्या दुधी काचेच्या पसरट वाट्या, असे सारे इतके दाटीवाटीने टांगलेले असे की त्यांच्यामधून पांढरा रंग शोधावा लागे. भर दुपारीही सगळे पेटलेले असत. त्या उकाड्यात ती उभी असायची, आणि शेजारच्या विभागात पंखे विकणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे ‘पंखेवाले’ म्हणत. ते म्हणायचे, “तुमच्या दिव्यांनी गिऱ्हाइकाचा घाम काढायचा आणि माझ्या पंख्यांनी तो वाळवायचा. मालक हुशार आहे, उगाच नाही आपल्याला शेजारी ठेवलं.”

गिऱ्हाईक येई, मान वर करून भारावून जाई आणि बोट दाखवून म्हणे, “तो द्या.” दुसरी विक्रेती असती तर तिने शिडी लावून तो काढून दिला असता. आत्या विचारी, “तो एकटा कसा दिसतो, ते पाहिलंत का?” आणि उत्तराची वाट न पाहता मागच्या बोर्डापाशी जाऊन एकेक बटण बंद करीत जाई. क्षणात तळमजल्याचा तो कोपरा काळोखात बुडे. कोणाच्या हातातली वस्तू खाली पडे, कोणी जागच्या जागी ‘अहो, अहो’ करीत राही, आणि पंखेवाले मोठ्याने पुकारत, “अंधारबाई आल्या हो! आपापली पाकिटं आणि आपापल्या बायका सांभाळा!” मग त्या काळोखात तो एकच दिवा लागे.

“हा तर अगदीच मलूल दिसतोय,” गिऱ्हाईक हिरमुसून म्हणे.

“मलूल नाही. मघाशी शेजाऱ्यांच्या जिवावर उड्या मारत होता. तुमच्या घरी तो असाच एकटा असणार.”

मालकांनी तिला अनेकदा समजावले. “बाई, हे दिव्यांचं दुकान आहे, भुयार नाही.” ती मान डोलवी आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा अंधारात उभे करी. मालक हात टेकून परत जात. तिला ते काढून टाकू शकले नाहीत, कारण तिने दिलेला दिवा बदलून मागायला सहसा कोणी येत नसे.

सहसा म्हणण्याचे कारण असे, की तिच्या हातूनही चुका होत. एका कुटुंबाला तिने जेवणाच्या टेबलावर टांगायचा दिवा बराच खाली, लांब साखळीने लावायला सांगितला होता. उजेड ताटांवर पडावा, भिंतींवर नको, असे तिचे म्हणणे. काही वर्षांनी त्या घरचे गृहस्थ मुलाला घेऊन दुकानात आले. मुलाच्या कपाळावर चांगले टेंगूळ होते.

“बाई, तुम्ही सगळं विचारलंत,” ते म्हणाले, “टेबल केवढं, माणसं किती, वाढतं कोण. माझा मुलगा किती वाढणार, तेवढं विचारलं नाहीत.”

आत्या इतकी हसली की तिला काउंटरला धरावे लागले. त्यांनी पिशवीतून आणलेली साखळी तिने तिथेच आखूड करून दिली आणि त्यानंतर दिवा टांगायचा विषय निघाला की ती बापाची उंची विचारू लागली.

कारण तिची पद्धत प्रश्नांची होती. दिव्याबद्दल ती फारच थोडे बोले, खोलीबद्दल विचारी. निजायच्या खोलीसाठी कोणी आले, की पहिला प्रश्न, “उताणं कोण झोपतं?” नवी जोडपी लाजून एकमेकांकडे पाहत, जुनी जोडपी तत्काळ एकमेकांकडे बोट दाखवत. जो उताणा झोपतो त्याच्या तोंडावर दिवा येता कामा नये, हे ती अशा गांभीर्याने सांगे की जणू औषधाचे पथ्य. स्वयंपाकघराच्या बाबतीत ती कोणाचेच ऐकत नसे. खोलीच्या मधोमध दिवा लावला की ओट्याशी उभे राहणाऱ्याच्या पाठीवर उजेड पडतो, आणि तो माणूस आयुष्यभर स्वतःच्या सावलीत भाजी चिरत राहतो. तेव्हा दिवा ओट्याच्या वर, पुढ्यात. पॅसेजचा दिवा पायांसाठी असतो, चेहऱ्यांसाठी नसतो. तिथे मिणमिणता चालेल. आणि बाहेरच्या खोलीसाठी तिचा ठरलेला प्रश्न होता, “संध्याकाळी, कोणी आलेलं नसताना, तुम्ही कुठे बसता?” या प्रश्नाला बहुतेक लोक ‘सोफ्यावर’ असे उत्तर देत, आणि बहुतेकांचे ते उत्तर खोटे असे. “घरी जा,” ती सांगे, “एक संध्याकाळ बघा, आणि मग या.” पंखेवाले कपाळावर हात मारून घेत. आलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवणारी विक्रेती त्यांनी दुसरी पाहिली नव्हती.

आमचे घर तिनेच उजळले होते. आईच्या ओट्यावरचा दिवा, बाहेरच्या खोलीतला कापडी शेडचा, माझ्या अभ्यासाच्या टेबलावर येणारा. प्रत्येक दिवा तिच्या प्रश्नांतून पार पडून आलेला. आई नणंदेला जुन्या वळणाने ‘वन्सं’ म्हणे आणि शेजारणींना अभिमानाने सांगे, “आमच्या वन्संनी निवडलाय. डोळे दुखत नाहीत.” फक्त मधली खोली उरली होती. तिथे आधीच्या भाडेकरूंनी सोडलेली उघडी ट्यूब होती आणि ती तशीच राहिली. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत, कुठूनही कुठेही जायचे तर वाट त्या मधल्या खोलीतून होती. तिचे बटणही आत नव्हते, दाराबाहेरच्या बोर्डावर होते. त्या खोलीबद्दल घरात कोणाचे दुमत नव्हते: ती येण्याजाण्याची खोली. आत्या तिथे झोपत असे.

ती जमिनीवर गादी घाली. तिच्या मागून निजायला जाणारा तिला ओलांडून जाई, पाणी प्यायला उठणारा बाहेरचे बटण दाबून ट्यूब लावी. ट्यूब आधी दोनदा फडफडे, मग पेटे. तोवर आत्याचा हात कोपरातून वाकून डोळ्यांवर आलेला असे. ही हालचाल तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती जागी होत असे की नाही, सांगता येत नसे. तिचे लग्न झाले नव्हते. त्याची कारणे नातेवाईक सांगत, प्रत्येक जण वेगळी सांगे. ती स्वतः कोणतेच सांगत नसे. दादाच्या, म्हणजे बाबांच्या, संसारात ती मिसळून गेली होती आणि मिसळलेली वस्तू वेगळी दिसत नाही.

म्हणून ती निवृत्त झाली आणि एका संध्याकाळी चहाच्या कपाशेजारी तिने किल्ल्यांचा जुडगा ठेवला, तेव्हा आम्हाला आधी काही कळेचना. तिने घर घेतले होते. आमच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. बाहेरची खोली, निजायची खोली, स्वयंपाकघर. इतकी वर्षे बाजूला टाकत आणलेले आणि निवृत्तीचे मिळालेले, सगळे तिने त्यात घातले होते आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

बाबांनी किल्ल्या उचलल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि परत ठेवल्या. ते बसच्या कारखान्यात फिटर होते. हातात आलेली कोणतीही लोखंडी वस्तू ते आधी पारखत आणि मग बोलत.

“कशाला?” ते म्हणाले.

“राहायला.”

“इथे काय कमी आहे?”

“काही नाही, दादा.”

“वहिनी काही बोलली?”

“अहो, मला कशाला मध्ये ओढताय!” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“मग लोक विचारतील तेव्हा मी काय सांगू? बहीण म्हातारपणी घर सोडून का गेली?”

“म्हातारा तू. मी अजून तुझ्यापेक्षा लहानच आहे,” आत्या म्हणाली.

बाबांना हसू आले नाही. त्यांना लागले होते. आपले घर बहिणीला पुरले नाही, एवढाच अर्थ त्यांनी त्या किल्ल्यांतून काढला. आठवडाभर ते तिच्याशी कामापुरते बोलले. मग त्यांनी एक तोड काढली. त्यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याचा जावई बदली होऊन आला होता आणि भाड्याची जागा शोधत होता. सरळमार्गी माणूस, लहान कुटुंब. घर त्याला द्यावे, आत्याच्या हाताला भाडे लागेल, आणि ती राहील आहे तिथेच.

“घर तुझंच राहतं की,” बाबा म्हणाले. “आणि नुसत्या भिंती आणि छत आहे तिथे. दिवासुद्धा नाही एक. काळोखात जाऊन बसणार आहेस?”

“दिवे मी लावीन.”

“केव्हा?”

येथे आत्याने, तिच्याच धंद्यातल्या माणसाला करता येईल अशी चूक केली. ती म्हणाली, “दिव्यांना काय लागतं? या महिन्याच्या आत लागतील. नाही लागले तर तुझ्या त्या जावयाला दे घर, मी शब्दानं बोलणार नाही.”

बाबांनी हे लगेच सोबत्याला कळवले. शब्द दिला गेला, आणि आत्याचे घर तिच्या छतांवर येऊन थांबले.

दुसऱ्या दिवशी ती आपल्याच जुन्या दुकानात, आयुष्यात प्रथमच गिऱ्हाईक म्हणून गेली. मी तिच्यासोबत होते. तिच्या जागी नेमलेला विक्रेता जेवायला गेला होता, म्हणून पंखेवाले पुढे झाले. त्यांनी खांद्यावर फडके टाकले आणि खोटा अदबीचा चेहरा केला.

“या बाई. काय दाखवू? की आधी सगळं दुकान काळं करू?”

“चावटपणा पुरे. बाहेरच्या खोलीसाठी हवाय.”

“असं नाही चालत. आमच्या इथे पद्धत आहे. घरात माणसं किती?”

“एक.”

“उत्तम. उताणं झोपता की कुशीवर?”

“तोंड सांभाळा हं!” आत्या हसत म्हणाली.

“बरं, ते राहू दे. संध्याकाळी, कोणी आलेलं नसताना, कुठे बसता?”

आत्या वर टांगलेल्या दिव्यांकडे पाहू लागली. पंखेवाल्यांनी तिच्या नकलेसाठी कमरेवर ठेवलेला हात हळूच खाली घेतला. आमच्या घरी संध्याकाळी ती कुठे बसे? ती बसत नसे. ती दुकानातून येई तेव्हा आईचे काम अर्धे झालेले असे, उरलेले ती उचले. कोणी आले की खुर्ची रिकामी करी. कोणी नसले की स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राही, कारण तिथून दोन्ही खोल्यांतले बोलणे ऐकू येई.

“तो पाच हातांचा काढा,” ती घाईने म्हणाली.

पाच वाकड्या पितळी हातांचा, प्रत्येक हातावर कमळासारखी काच असलेला तो दिवा आम्ही रिक्षात मांडीवर घेऊन आणला. बाबांनी तो पाहिला आणि प्रथमच त्या घराबद्दल त्यांचा चेहरा मऊ झाला. “हा झाला दिवा,” ते म्हणाले. “म्हणजे आम्हा सगळ्यांना बोलावणार तर. खोली भरून माणसं असली तरच असला दिवा शोभतो.”

त्या रात्रभर दिवा खोक्यात मधल्या खोलीत होता. सकाळी आत्याने खोके पुन्हा दोरीने बांधले.

“अगं, काय झालं?” आईने विचारले.

“वहिनी, मी हा तुमच्यासाठी घेतला. माझ्यासाठी नाही घेतला.”

तिने तो परत केला. मग निजायच्या खोलीसाठी एक आणला, तो दोन माणसांच्या खोलीचा निघाला. तोही परत गेला. स्वयंपाकघरासाठी आणलेला आमच्या आईच्या उंचीच्या हिशेबाने निवडला गेला होता. दुसऱ्याचे घर ऐकून डोळे मिटून दिवा सांगणाऱ्या बाईला स्वतःच्या तीन छतांपुढे काही सुचेना. महिना सरत चालला. पंखेवाले आता थट्टा करीत नसत. ती आली की मुकाट्याने शिडी लावत. तिकडे बाबांचा सोबती जावयाला घेऊन एकदा इमारत बाहेरून पाहून गेला आणि खिडक्या चांगल्या आहेत असे म्हणाला.

मग आत्याने, जे ती सगळ्यांना सांगे, ते केले. घरातली एक जुनी लाकडी खुर्ची उचलून ती आपल्या रिकाम्या घरी घेऊन गेली आणि रोज दुपार कलली की तिथे जाऊन बसू लागली. दिवा नाही, पुस्तक नाही, रेडिओ नाही. अंधार पडून हात दिसेनासा झाला की कुलूप लावून परत येई.

“बसायला गेली होतीस?” बाबा विचारत.

“हो.”

“काळोखात?”

“हो.”

“दुकानात लोक तुला जे म्हणतात ते काही उगाच म्हणत नाहीत.”

मी एकदोनदा थर्मासमधून चहा घेऊन गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा खुर्ची दाराला लागून होती, इतकी जवळ, की दार पूर्ण उघडेना. ती खुर्चीच्या कडेला बसली होती, कोणी हाक मारली तर चटकन उठता यावे तशी. पुढच्या खेपेला खुर्ची भिंतीच्या मध्यापर्यंत सरकली होती. त्यानंतर ती खिडकीपाशी गेली, आणि खिडकीकडे पाठ करून नव्हे, तोंड करून. खाली गल्लीत एक सायकलदुरुस्तीचे दुकान होते. आत्या चहा पिता पिता मला सांगू लागली, की तो दुरुस्तीवाला काम झाल्यावर प्रत्येक सायकलची घंटी एकदा वाजवून बघतो, घंटी बिघडलेली नसली तरी. ती आणखी पुष्कळ बोलली. आमच्या घरी तिला इतके सलग बोलताना मी ऐकले नव्हते. तिथे तिचे प्रत्येक वाक्य कोणीतरी अर्ध्यात तोडून पुढे जाई.

महिना संपायला आला तेव्हा बाबा स्वतः तिकडे गेले. सोबत्याला काय ते नक्की सांगणे भाग होते. मला त्यांनी बरोबर घेतले, बहुधा बोलणे वाढू नये म्हणून. दार नुसते लोटलेले होते. बाहेरच्या खोलीत खुर्ची होती, आत्या नव्हती. बाबांनी निजायच्या खोलीत डोकावले आणि त्यांच्या तोंडून एकदम मोठ्याने निघाले, “अगं! पडलीस की काय!”

आत्या खोलीच्या मधोमध, उघड्या फरशीवर, उताणी आडवी झाली होती. हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले.

“पडले नाही, झोपलेय,” ती न उठता म्हणाली. “ये आत. बघून पाय टाक म्हणजे झालं.”

“फरशी गार आहे. ऊठ आधी.”

“दादा, बराच वेळ झाला मला इथे येऊन. कोणी ओलांडून गेलं नाही.”

ती हे थट्टेच्या सुरात म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे. कदाचित त्यामुळेच बाबांना ते चुकवता आले नाही. ते दारात उभे होते आणि त्यांचा एक पाय खरोखरच उंबऱ्याच्या आत हवेत थांबला होता. तो त्यांनी मागे घेतला. बाहेर जाऊन खुर्ची आणली, दाराशी ठेवली आणि तिच्यावर बसले. खिडकीतला उजेड कमी होत चालला होता.

“सांगायचं नाही का इतकी वर्षं?” ते म्हणाले.

“काय सांगायचं? वाट तुमची होती, मी मध्ये झोपत होते.”

“बटण तरी आत घेऊन दिलं असतं मी. दोन हात वायरचं काम.”

“माहीत आहे. तू दिलं असतंस.” ती उठून बसली, कपडे झटकले. “म्हणून तर नाही सांगितलं. तू ते केलं असतंस आणि मी कायमची तिथे राहिले असते.”

बाबांनी मान वर केली. ते छताकडे पाहू लागले. बांधणाऱ्याने खोलीच्या अगदी मध्यावर, आत्या आडवी झाली होती त्याच्या बरोबर वर, दिव्याचा पॉइंट काढून ठेवला होता; त्यातून दोन वायरी लोंबत होत्या.

“हा पॉइंट चुकीच्या जागी आहे,” ते म्हणाले. आवाज कारखान्यातला होता. “तू उताणी झोपतेस.”

“हो ना. आत्ताच कळलं मला.”

पुढचे सगळे भराभर झाले. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत दोघे खोल्यांमधून फिरत राहिले. ती सांगत होती आणि बाबा खडूने भिंतींवर खुणा करीत होते. निजायच्या खोलीतला दिवा पायांकडच्या भिंतीजवळ घ्यायचा, छताला चिकटून बसणारा, लहान. स्वयंपाकघरातला ओट्यावर पुढ्यात, आणि तो तिच्या डोळ्यांच्या मापाने. आई तिथे आली तर तिला थोडे वाकावे लागेल, त्याला इलाज नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा तिने कोणतेही बटण बंद केले नाही, शिडी मागितली नाही. तीन दिवे बोटाने दाखवले. पंखेवाल्यांनी बिल करताना विचारले, “मग, बसता कुठे?” “खिडकीपाशी,” ती म्हणाली, “खुर्ची गल्लीकडे करून.” त्यांनी दिवे स्वतः कागदात गुंडाळून दिले आणि वर एक बल्ब जास्त ठेवला.

दिवे बाबांनीच लावले. बाहेरच्या खोलीतल्या दिव्यावरून मात्र शिडीवर आणि शिडीखाली चांगलीच जुंपली. तो दुधी काचेचा एकच गोळा होता, आणि तो तिला खिडकीच्या बाजूला, खूप खाली टांगलेला हवा होता.

“अजून खाली.”

“अगं, याच्याहून खाली घेतला तर उजेड फक्त तुझ्या खुर्चीवर पडेल. बाकी खोली काळी राहील.”

“राहू दे.”

“पाहुणे आले म्हणजे?”

“पाहुण्यांनी आपली खुर्ची उचलून जवळ यावं.”

“आणि माझं डोकं आपटेल त्याचं काय?”

“तू कुठे राहणार आहेस इथे?” आत्या म्हणाली.

आई खाली शिडी धरून उभी होती, तिने ओठ दाबून हसू आवरले. बाबा वर तसेच थांबले, हातात साखळी धरून. मग त्यांनी साखळीचे आणखी दोन वेढे सोडले. “खालून बघ,” ते म्हणाले, “आणि आता बरोबर आहे म्हण, नाहीतर मी उतरतो.” ती खुर्चीत जाऊन बसली, वर पाहिले, खिडकीबाहेर पाहिले. “बरोबर आहे,” ती म्हणाली.

सोबत्याला बाबांनी निरोप धाडला, की घराच्या वायरिंगमध्ये मोठा दोष निघाला आहे, लहान मुलांच्या कुटुंबाला ते द्यायला मन धजत नाही. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती. पुढे कित्येक वर्षे त्या वायरिंगची चौकशी झाली की ते घसा खाकरत.

सामान असे फारसे नव्हतेच. ते लागले, चहा झाला, आणि दिवेलागणीच्या वेळी आत्या उभी राहून म्हणाली, “आता तुम्ही निघा.”

“एवढ्यात?” बाबा म्हणाले. “बरं, उद्या सकाळी येतो. त्या कपाटाचं दार घासतंय, ते बघतो.”

“उद्या नको, दादा. मी बोलावीन तेव्हा ये.”

बाबांनी आईकडे पाहिले. आईने पायांत चपला घातल्या. बाबा तिच्यामागून जिना उतरले. घरी आल्यावर त्यांनी मधल्या खोलीतून जाताना सवयीने ट्यूब लावली, रिकामी फरशी पाहिली आणि विझवली.

बोलावणे यायला बरेच दिवस लागले. तेवढ्या दिवसांत बाबांनी निदान तीन वेळा विचारले, की निरोप आपल्यापर्यंत पोचायचा राहिला तर नाही ना. आई म्हणाली, “वन्सं इथल्या इथे राहतात. यायचा तर येईलच की निरोप.” शेवटी पंखेवाल्यांबरोबर, चिठ्ठीही नाही, नुसता तोंडी सांगावा आला: रविवारी संध्याकाळी या, जेवायलाच या.

रविवारी दुपारपासून बाबांची गडबड सुरू होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला, घातला, आणि आईला विचारले, की हा फार होतो का. आई म्हणाली, “बहिणीकडे तर चाललाय!” “म्हणूनच विचारतोय,” ते म्हणाले. वाटेत त्यांनी फळे घेतली, आणि फळवाल्याने पिशवीत घातलेली पुन्हा बाहेर काढून एकेक बघून घेतली. बहिणीच्या घरी पाहुणे म्हणून जायचे कसे, हे त्यांना या वयात नव्याने जमवायचे होते.

वरच्या मजल्यावर दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ जिन्यावर आली होती. आत कोणीतरी हलके गुणगुणत होते. आई हात पुढे करणार तोच बाबांनी तिला थांबवले, शर्टाची कॉलर नीट केली आणि स्वतः दारावर टकटक केली.

“आले, आले. थांबा जरा,” आतून आत्याचा आवाज आला. तिला यायला वेळ लागला. बहुधा खिडकीपासून दारापर्यंतचे अंतर ती चालत असावी, धावत नसावी. बाबा फळांची पिशवी दोन्ही हातांत धरून, न कुरकुरता, बाहेर उभे राहिले.